वीस मिनिटांची नळी

सर्पदंशाचा रुग्ण आला की आमच्या लॅबमधले काका त्याचं रक्त कोऱ्या काचेच्या नळीत घेत आणि वीस मिनिटं कुणाला टेबलालाही हात लावू देत नसत. घोणशीच्या विषातली प्रथिनं रक्ताची गोठायची ताकदच संपवतात. नळी आडवी केल्यावर रक्त वाहिलं, की विषावरची लस द्यायची. मी नर्स, तरी घाई करायचे. ते म्हणत, “सिस्टर, रगताला टाइम द्या. आधी हलवलं तर खोटं बोलतंय ते.”

एकदा फुलंब्रीहून त्यांच्याच धाकट्या भावाला आणलं. तेव्हाही काका घड्याळाकडं बघत वीस मिनिटं उभे राहिले. वेळ भरली तसे भिंतीकडं वळले.

“आज तुम्ही बघा, सिस्टर.”

मी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. “काका...” मी म्हणाले.

“लस काढा,” भिंतीकडं तोंड करूनच ते म्हणाले.