विटांवर रागावणारा

माझी मुलगी जन्मली आणि तिची आई गेली, तो पौषातला मंगळवार होता. बाळंतिणीच्या खोलीत भिंतीत बांधलेल्या नव्या शेकोटीचे धुराडे गवंड्याने आदल्या दिवशीच कौलांच्या वर नेले होते.

तो माणसांशी खाली बघून बोले, विटांना मात्र मोठ्याने रागवे. "बस ना वं, काऊन हलून राह्यली?" म्हणत थापीच्या दांड्याने वीट ठोके. त्या दिवशी त्याने थापी हाती घेतली नाही.

संध्याकाळी मुलीचे पाय गार पडले. खोलीत शेगडी ठेवली तर धुराने तिचा श्वास अडके. शेकोटी पेटवावी, असे मी म्हणालो.

"सुतकात नवा विस्तव नाई पेटवत," बाळंतपणासाठी आलेली माझी मोठी बहीण म्हणाली.

गवंड्याने प्रथमच मान वर केली. "सुतक तुमाले हाये, बाई. मले नाई. मी पेटवतो."

"पाप लागंल तुले!"

"लागू द्या."

अंगणात तो आपला भात शिजवी, त्या चुलीतले निखारे त्याने घमेल्यात आणले. लाकडे पेटली, पण धुराडे अजून ओले होते. धूर उलटा खोलीत आला. बहिणीने मुलीला पदराखाली घेतले. तो शिडीवरून कौलांवर चढला आणि आतली हवा तापून वर ओढली जावी म्हणून तणसाची पेटती पेंढी त्याने धुराड्याच्या तोंडात धरली. वरून त्याचा आवाज खोलीत उतरला, "ओढ ना बे! पोरगी थंडी पडून राह्यली!"

धूर थांबला, वळला आणि वर जाऊ लागला.

मुलगी आता त्याच शेकोटीपुढे पाटी घेऊन बसते. घरात आम्ही दोघेच आहोत.