बादलीतला कडूकंद

माझी नात मोखाड्याला कॉलेजात जाते आणि फोनवर ब्लॉग लिहिते. ब्लॉग म्हणजे आपलं लिहिलेलं कोणीही वाचावं असं उघड्यावर ठेवायचं. आधी तिने ‘आमचं रानातलं जेवण’ असं लिहिलं. कोणी फिरकलं नाही. मी म्हटलं, बाजारात नुसतं ‘या, या’ ओरडून कोण थांबतं? ‘सुकट घ्या’ म्हटलं की सुकट हवी असणारा थांबतो.

मग तिने मला विचारून कडूकंदाचं लिहिलं. वर मथळा दिला, ‘कडूकंदाचा कडूपणा कसा काढायचा’. आता माणसं यायला लागली.

“आजी, हेच शब्द लोक फोनात टाकून शोधतात. मग फोन त्यांना माझ्याकडे पाठवतो.”

“रिकामटेकडे असतील.”

“रिकामटेकडे नाही गे. ज्याला तेच हवंय तोच येतो.”

भात झोडून झाल्यावर एका सकाळी ती माळावरून अंगणात हसत आली. ठाण्याच्या एका बाईने लिहिलं होतं. तिने वाचून दाखवलं: ‘खोडाळ्याच्या बाजारातून कंद आणले. तुम्ही सांगितलं तसे चिरून, राख घालून उकडले. रात्रभर बादलीत पाण्यात ठेवले. आज मुलांना भाजी करून घालते.’

मी नागली पाखडत होते. सूप खाली ठेवलं.

“बादलीत कशाला?”

“तूच म्हणालीस, पाण्यात ठेवायचा.”

म्हणाले होते. आमच्याकडे कंद पाण्यात ठेवायचा म्हणजे टोपलीत भरून ओहळात, वर दगड ठेवून. त्याचा कडूपणा म्हणजे विषच, वाहतं पाणी ते घेऊन जातं. डोक्यावरून चढाने आणलेलं हंड्यातलं पाणी कोण कंदावर घालेल? म्हणून ‘वाहत्या’ हा शब्द मी बोलले नाही आणि तिने लिहिला नाही. बादलीत विष तिथंच राहतं. अर्धा कच्चा कंद खाल्लेला माणूस मी पाहिलाय. त्याची जीभ सुजली होती, आणि ओकून ओकून तो भिंतीला धरून बसला होता. तो तर दांडगा गडी होता. ही पोरं.

घरात फोनला रेंज नाही. आम्ही माळावर गेलो. माझे गुडघे दुखतात, पण मी पुढे होते. नातीने लिहिलं, ‘खाऊ नका. फेकून द्या.’ उत्तर आलं नाही.

“फोन लाव तिला.”

“नंबर नसतो आजी. नुसतं लिहिता येतं.”

मी दगडावर बसले. तेव्हा मला तिचं बोलणं नीट कळलं. ज्याला तेच हवंय तोच येतो, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाच्या चुलीवर कंद असतो. गंमत म्हणून कोणी येत नाही.

नात रडायला लागली. “रडून काय होतंय? आधी ते नीट कर,” मी म्हटलं. तिने तिथंच बसून सगळ्यात वर लिहिलं, ‘ओहळाचं वाहतं पाणी नसेल तर हा कंद खाऊ नका.’

दुपार कलल्यावर उत्तर आलं. बाईने आधी स्वतः एक फोड चाखली होती. घसा खाजला, म्हणून भाजी टाकली. मुलं शाळेतून यायची होती.

नात म्हणाली, “सुटलो.”

“तिच्या आधी आले होते, त्यांनी काय लिहिलंय?”

“काहीच नाही. वाचून गेले.”

अजून रोज ती माळावरून आली की मी विचारते, कोणी लिहिलंय का. ती नाही म्हणते. मी चूल पेटवते, पण त्या नाहीचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळत नाही.