सात नंबरच्या चौकीचा नकाशा

संरक्षण अभ्यास संस्थेत त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. संचालकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला मिलिमीटर म्हणत. एकदा त्याने एका मोठ्या प्राध्यापकांचा नकाशा परत पाठवला होता, नदी दीड मिलिमीटर पूर्वेला सरकली आहे म्हणून.

"दीड मिलिमीटरने असं काय आभाळ कोसळतंय?" प्राध्यापक वैतागले.

"साहेब, जमिनीवर ते पाऊण किलोमीटर होतं. तुमची अख्खी पलटण पाण्यात उभी आहे."

तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही ते बरं वाटे. खरं नाव घेतलं असतं तर आडनावही आलं असतं, आणि आडनावावरून कुणीतरी विचारलं असतं, की तो सार्जंट तुमचा कोण?

तो सार्जंट त्याचा थोरला भाऊ होता. बावीस वर्षांपूर्वीच्या लढाईत नदीपलीकडच्या टेकडीवर सात नंबरची चौकी होती. चौकीवर अकरा माणसं, आणि भाऊ त्यांचा प्रमुख. सगळं सैन्य पुलावरून मागे आलं, हे अकरा आले नाहीत. चौकशीत ठरलं, की माघारीचा हुकूम मिळूनही चौकीप्रमुखाने तो पाळला नाही आणि स्वतःबरोबर दहा जणांचा जीव घालवला. संस्थेच्या आवारात त्या लढाईचा स्मृतिस्तंभ होता, काळ्या दगडाचा, दोनशे बारा नावांचा. त्यात ही अकरा नावं नव्हती. मिलिमीटर रोज मागच्या दाराने कामावर येई.

घरी वहिनी होती. भाऊ गेल्यावर ती दिराच्याच घरी वरच्या खोलीत राहायला आली. सरकारी रुग्णालयाच्या कपडेखात्यात ती चादरी आणि डॉक्टरांचे कोट इस्त्री करायची. वीस-बावीस वर्षं वाफेत उभं राहून तिच्या हातांची कातडी गुळगुळीत झाली होती, मनगटावर जुन्या चटक्यांचे पांढरे डाग होते. नवऱ्याबद्दल ती फारशी बोलत नसे. बोललीच तर एकच वाक्य: "परत ये म्हणून सांगितलं होतं त्यांना. नाही आले. माझ्यापेक्षा टेकडी प्यारी झाली." हे ती रडून नव्हे, रागाने म्हणायची. त्या रागाच्या जोरावर ती सकाळी उठायची, कामावर जायची, दोन घास खायची. मिलिमीटरच्या बायकोने एकदा समजूत काढायचा प्रयत्न केला होता. वहिनी महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

त्या वर्षी संस्थेने वार्षिक परिषदेला विषय घेतला, 'माघारीचं नियोजन'. लढाईची कागदपत्रं नुकतीच अभ्यासकांना खुली झाली होती. संस्थेतली एक तरुण संशोधिका नदीवरच्या त्याच माघारीवर निबंध वाचणार होती. ती हुशार होती, बोलायला फटकळ, आणि मिलिमीटरला काका म्हणणारी एकटीच. जिन्याखालच्या त्याच्या खोलीत येऊन तिने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"काका, पाच नकाशे हवेत. दर अर्ध्या तासाला कुठली तुकडी कुठे होती ते. वेळा वायरलेसच्या नोंदवहीतून घ्या. मूळ पानांच्या प्रती तुमच्या संगणकावर टाकल्यात."

तो "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दोन दिवस तो नुसत्या वेळा टिपत बसला. तिसऱ्या दिवशी नोंदवहीचं ते पान आलं. संध्याकाळचे पाच चाळीस: 'एक ते सहा, पुलाकडे माघार. सातला कळवू नये. सातचा गोळीबार चालू राहणे आवश्यक.' त्याखाली पाच पंचेचाळीस: 'पहिली तुकडी पूल पार.' आणि मग पाच पन्नास: 'सातला हुकूम दिला. पोच मिळाली. अंमल नाही.'

संशोधिकेने याचा अर्थ सरळ लावला होता. आधी सातला न कळवण्याचं ठरलं, दहा मिनिटांनी निर्णय बदलला, चौकीने ऐकलं नाही. चौकशी समितीनेही तेच म्हटलं होतं. पण मिलिमीटरचे डोळे आयुष्यभर रेघांवर झिजले होते. त्याने ते पान मोठं केलं, आणखी मोठं केलं. नोंदवही कधीतरी भिजली असावी, कारण पानावरच्या प्रत्येक ओळीची शाई फुटून तिला बारीक केस आले होते. पाच पन्नासची ओळ मात्र स्वच्छ होती, धारदार. दोन ओळींच्या मधल्या जागेत अंग चोरून बसवलेली. वायरलेसवाल्याचं अक्षर उजवीकडे कलायचं, हे उभं होतं.

पान भिजून वाळल्यानंतर कुणीतरी ती ओळ लिहिली होती.

तो किती वेळ तसाच बसून राहिला, त्यालाच कळलं नाही. शिपाई पाणी ठेवून गेला, त्याकडेही लक्ष गेलं नाही. मग त्याने संशोधिकेला बोलावलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं.

तिने पाहिलं. खुर्ची ओढून पुन्हा पाहिलं. "अरे देवा," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना हुकूम गेलाच नाही. काका, तुमच्या हे लक्षात कसं आलं?"

"शाई," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "त्या चौकीचा प्रमुख माझा दादा होता."

तिने तोंडावर हात ठेवला.

तिने निबंध रातोरात बदलला आणि रीतीप्रमाणे संचालकांकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी संचालकांनी दोघांनाही बोलावलं. संचालक वाईट माणूस नव्हता. कुणाचं मन दुखावू नये म्हणून तो खरं बोलायचं टाळायचा, एवढंच.

"परिषदेला चार दिवस राहिलेत," तो म्हणाला. "त्या माघारीचे सेनापती स्वतः प्रमुख पाहुणे म्हणून येताहेत. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्यासमोर आपण म्हणायचं, की तुमची नोंदवही खोटी? ही परिषद आहे, कोर्ट नव्हे."

"सर, पुरावा समोर दिसतोय," संशोधिका म्हणाली.

"प्रतीवरून शाई ओळखायची? उद्या कुणी विचारलं, हे कुणी ठरवलं, तर काय सांगणार? नकाशे काढणाऱ्याने?" मग मिलिमीटरकडे वळून, आवाज मऊ करून तो म्हणाला, "तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण सातपुढे फक्त 'संपर्क अनिश्चित' एवढंच लिहा. ते खोटंही नाही."

बाहेर आल्यावर संशोधिका भिंतीला टेकून उभी राहिली. "काका, माझी नेमणूक अजून कायम झालेली नाही हो."

"तुम्ही तुमचं बघा मॅडम. मी कोण तुम्हाला सांगणार?"

तो खोलीत गेला आणि त्याने चौथ्या नकाशावर, टेकडीच्या त्रिकोणाशेजारी, सुबक अक्षरांत 'संपर्क अनिश्चित' लिहिलं. हात थरथरला नाही. याचीच त्याला पुढे फार लाज वाटायची.

परिषदेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. गणवेशातले, निवृत्त, विद्यापीठांतले, दोन-तीन वार्ताहर. मिलिमीटर मागच्या कोपऱ्यात संगणकापाशी नकाशे बदलायला बसला होता. पहिल्या रांगेत सेनापती होते, वाळलेले, ताठ, कानात यंत्र. संशोधिकेने निबंध ठरल्याप्रमाणे वाचला. चौथा नकाशा पडद्यावर आला तेव्हा ती थांबली. तिने चष्मा काढला, हातातला कागद बाजूला ठेवला आणि नोंदवहीतल्या त्या दोन्ही ओळी, 'कळवू नये' आणि 'अंमल नाही', तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मग "पुढचा नकाशा," म्हणाली.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुणी पुलाच्या क्षमतेबद्दल विचारलं, कुणी हवामानाबद्दल. सत्राध्यक्ष घड्याळ पाहू लागले, तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मिलिमीटर उभा होता. ध्वनिक्षेपक त्याच्यापर्यंत कुणी आणला नाही. तो मोठ्याने म्हणाला, "मला सेनापतींना विचारायचंय. सात नंबरला माघारीचा हुकूम गेला होता का?"

माना वळल्या. संचालक अर्धवट उठला. सेनापतींनी कानातलं यंत्र नीट केलं. "पुन्हा विचारा."

त्याने पुन्हा विचारलं.

"नाही," सेनापती म्हणाले. "मीच सांगितलं होतं, कळवू नका. सातचा गोळीबार थांबला असता तर शत्रूला कळलं असतं, की आम्ही निघालो. पुलावर साडेआठशे माणसं होती. ती सगळी आली. अकरा गेले. आजही मला हेच करावं लागेल."

"मग हुकूम दिल्याची ओळ?"

म्हाताऱ्याने पडद्यावरच्या नकाशाकडे पाहिलं. "ती मी लिहिली नाही. पण लिहिली जातेय हे मला ठाऊक होतं. चौकशी बसली होती. लोक चिडले होते. जिवंत अधिकाऱ्यांची तोंडं काळी करण्यापेक्षा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, "आपण कोण?"

मिलिमीटरने तोंड उघडलं. तेवढ्यात सत्राध्यक्ष घाईने म्हणाले, "अत्यंत उद्बोधक चर्चा. चहाची वेळ झाली आहे."

आणि लोक खरोखरच चहाला गेले. मिलिमीटरला वाटलं होतं, काहीतरी होईल. कुणी ओरडेल, कुणी उठून जाईल. चहाच्या टेबलापाशी एका परदेशी विद्यापीठातल्या प्राध्यापकाने त्याचा हात हातात घेतला. "फार मोलाचा मुद्दा काढलात. वायरलेस शिस्त आणि फसवणूक यांवर स्वतंत्र निबंध होईल." दुसरा म्हणाला, "अकराच्या बदल्यात साडेआठशे. प्रमाण विलक्षण आहे." मिलिमीटरने हातातला कप तसाच खाली ठेवला आणि तो मागच्या दाराने बाहेर पडला.

वहिनी कामावरून नुकतीच आली होती. अंगाला अजून खळीचा वास होता. ती चपला काढत होती तेव्हाच त्याने सांगायला सुरुवात केली, कारण थांबला असता तर त्याच्याने सांगणं झालं नसतं. शाईपासून सेनापतींपर्यंत सगळं सांगितलं. बायको दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

त्याला वाटलं होतं, वहिनीच्या छातीवरचं ओझं उतरेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तुम्ही मला कशाला सांगितलंत भावोजी?"

"वहिनी, दादाने हुकूम मोडला नाही. त्याला कळलंच नव्हतं."

"ते कळलं मला. बहिरी नाही मी." तिचा आवाज चढला. "बावीस वर्षं शिव्या घातल्या मी त्यांना. फोटो भिंतीवर लावला नाही. रोज भांडले त्यांच्याशी. आता त्या शिव्या कुठे नेऊन ठेवू? तुमच्या त्या म्हाताऱ्याच्या दारात?"

ती जिना चढून वर गेली. दोन दिवस खाली आली नाही. बायको ताट वर नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. तिसऱ्या दिवशी वहिनी उतरली, कामाच्या साडीत, केस विंचरलेले. तिने त्याला समोर बसवलं.

"एकच विचारते. तुम्ही नकाशे काढलेत, तुम्हाला माहीत असणार. बाकीचे लोक पुलावरून निघालेत, हे टेकडीवरून दिसत असेल का हो? कळलं असेल का त्यांना, की आपल्याला सोडून चाललेत?"

पाचव्या नकाशासाठी त्याने टेकडीवरून दिसणारा मुलूख संगणकावर काढला होता. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. मध्ये झाड नाही, चढ नाही, उन्हं कलती असली तरी माणसं मोजता आली असती.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "मध्ये डोंगराची सोंड येते. पूल दिसत नाही तिथून."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि पिशवी उचलून कामावर गेली.

पुढे काय व्हायचं ते झालं. परिषदेचं पुस्तक निघालं, त्यात तो प्रश्न आणि ते उत्तर नव्हतं. ध्वनिमुद्रण नीट झालं नाही, असं संचालकांनी सांगितलं. वार्ताहरांपैकी कुणी एक ओळ छापली नाही. सेनापती त्याच हिवाळ्यात गेले, त्यांना तोफांची सलामी मिळाली. अकरा नावं स्तंभावर कोरावीत म्हणून मिलिमीटरने अर्ज केला, त्याला उत्तर आलं, 'मूळ नोंदवहीतील नोंद कायम असल्याने विचार करता येत नाही.' संशोधिकेची नेमणूक कायम झाली. ती त्याच्या खोलीत यायची बंद झाली. एकदाच आली, मूळ पानाच्या मोठ्या, स्वच्छ प्रती पाकिटात घालून देऊन गेली. "हे तुमच्याकडे राहू द्या काका," एवढंच म्हणाली आणि वर न पाहता निघून गेली.

ते पाकीट वहिनीने पाहिलं. तिनेच म्हटलं, "बाकीच्या दहा घरांना कुणी सांगितलं असेल?"

तेव्हापासून तिच्या सुट्टीच्या दिवशी दोघं बसने निघू लागले. चौकशीच्या कागदांतल्या जुन्या यादीतले पत्ते, निम्मे खोटे ठरलेले. दहांपैकी सहा घरं सापडली. एका घरी आईला ऐकूच येत नव्हतं, सुनेने पाकीट ठेवून घेतलं. एका घरी बहिणीने दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, आम्हाला आता त्रास नको. एकाच्या भावाने पान नीट वाचलं, घडी केली आणि विचारलं, "मग आता मी काय करू?"

सहाव्या घरी एक म्हातारे वडील होते, काठी टेकत बाहेर आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनीही वहिनीने विचारलं होतं तेच विचारलं. पोरांना तिथून पूल दिसत होता का?

मिलिमीटर उत्तर द्यायला तोंड उघडतोय, तोच वहिनी पुढे झाली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मध्ये डोंगराची सोंड येते."

तिच्या आवाजावरून त्याला कळलं, की तिने त्या दिवशीही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. म्हाताऱ्याने दोघांना आत बसायला सांगितलं. मुलाचा फोटो कपाटात होता, तो शोधायला त्यांना बराच वेळ लागला.