अंबुजाक्कांची अर्धी गोधडी

भोगीच्या दिवशी पहाटे अंबुजाक्का दारोदार जुनी कापडं मागत फिरायच्या, आणि तेही जप्तीला आलेल्या कारकुनाच्या रुबाबात. आमच्या साताऱ्याकडे भोगी म्हणजे मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तंजावरात मात्र त्या पहाटे घरातलं जुनंपानं दारापुढे पेटवतात. बँकेत बदली होऊन मी तिथे गेले, त्या पहिल्या वर्षी धुराचा वास आला म्हणून घाबरून खाली धावले, तर माझ्या घरमालकीणबाई शेजाऱ्याच्या ढिगातून एक लुगडं ओढून काढत होत्या. तो तमिळमध्ये ओरडत होता, या मराठीत ऐकवत होत्या. शेवटी लुगडं आमच्या घरी आलं.

राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, वर माझी भाड्याची खोली. वय सत्तरीच्या पुढे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, त्यामुळे समोरचा बोलायला लागला की "थोडक्यात सांग" म्हणायची सवय. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायचं धाडस मी तीनदा केलं आणि तिन्ही वेळा त्यांनी मला कॉफी करायला पिटाळलं. घराणं मराठी राजांच्या काळात तिकडे गेलेलं, त्यामुळे मराठी बोलायच्या ती आपली पणजी बोलली असती तशी. वाचता मात्र येत नव्हती. माझ्याकडचं मासिक हातात घेऊन चित्रं बघायच्या आणि विचारायच्या, "अस्क वाचतेस तू हे?" अस्क म्हणजे सगळं.

जमलेल्या कापडांच्या त्या गोधड्या शिवायच्या. नियम एकच, पण कडक: या भोगीला आलेलं कापड पुढच्या भोगीच्या आत गोधडी होऊन घराबाहेर पडलं पाहिजे, नाही पडलं तर आगीत. तिथली थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी महिन्यात पंखा एका आकड्यानं कमी करायचा, एवढीच. "अक्का, या उकाड्यात गोधडी पांघरणार कोण?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पांघरायला कोण सांगतंय? खाली घालावी, निजावं." बाळंतिणी, हॉस्टेलच्या मुली, देवळापाशी फुलं विकणारी बाई, सगळ्यांकडे त्यांच्या गोधड्या होत्या.

शिवताना मी शेजारी बसायची. मला नुसता धावदोरा घालायची परवानगी होती, आणि तोही अधूनमधून उसवला जाई. एखादा तुकडा फार लहान आहे म्हणून मी बाजूला टाकला की त्या परत उचलत. "तुकडा केवढा ते बघू नको. कोणाचा ते विचार." मी विचारायची आणि सगळी गल्ली उलगडत जायची: हा पोस्टमनच्या लेकीचा परकर, हा वीणा शिकवणाऱ्या बाईंचा पदर. मला तर हे ऐकण्याचं व्यसनच लागलं.

पण एक गोष्ट नियमात बसत नव्हती. माळ्यावर लाल टॉवेलात बांधलेलं एक गाठोडं होतं. दर वर्षी भोगीच्या आदल्या दिवशी त्या ते काढत, आतल्या अर्ध्या गोधडीला पाचसहा टाके घालत आणि पुन्हा बांधून ठेवत. मी जात्याच चोंबडी. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन ठरलं. डोळे गेलेच तर, या भीतीनं अक्का हातातलं एकेक काम संपवत सुटल्या. शेवटी ते गाठोडं तेवढं राहिलं. तेव्हा मी सरळ विचारलं, आणि त्यांनी चक्क सांगितलं.

गोधडी त्यांच्या आईच्या लुगड्यांची होती. आई गेल्यावर अक्कांनी शिवायला घेतली, उरलेली लुगडी कोपऱ्यात रचून ठेवली. भोगीच्या पहाटे अक्का ड्यूटीवर होत्या. धाकटा भाऊ रघू घर झाडायला उठला आणि गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून तो ढीग त्यानं आगीत घातला. त्यात त्याचं काय चुकलं, असं सगळी गल्ली म्हणाली. अक्का मात्र त्या दिवसापासून भावाशी बोलल्या नाहीत. तो पापनाशमला राहायला गेला, त्याला बावीस वर्षं झाली.

"आता आईचं कापड कोठून आणू? ही अशीच राहणार," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग उरलेल्या भागात रघूअण्णांची वेष्टी घाला. तेही तिचंच लेकरू की." वेष्टी म्हणजे धोतर. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता मीही बावीस वर्षांच्या अबोल्याची धनी झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर हाक मारली, "पापनाशमची बस कधी आहे?"

बसमध्ये गाठोडं मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दिसत किती होतं देव जाणे. दार अण्णांनीच उघडलं. पांढरे केस, जाड चष्मा. अक्कांनी ना नमस्कार केला, ना कुशल विचारलं. "तुझी एक जुनी वेष्टी पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

अण्णा आत गेले. थोड्या वेळानं ते आणि त्यांची बायको मिळून एक पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर आले. झाकण उघडलं तर आत घड्या घातलेल्या वेष्ट्या, लुगडी, मुलांचे शाळेचे युनिफॉर्म, काठोकाठ.

"दर भोगीला काढून ठेवतो, अक्का," अण्णा म्हणाले. "त्या वर्षापासून ह्या घरात एक चिंधी जाळली नाही."

अक्कांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि कितीतरी वेळ नुसतं चाचपत राहिल्या. मला रडू आवरेना, म्हणून मी उगाचच अंगणात जाऊन उभी राहिले.

संध्याकाळच्या बसनं मी एकटीच परतले. आठवड्यानं फोन केला. गोधडी पुरी झाली होती, अण्णा तिच्यावर निजूही लागले होते, ऑपरेशनला तेच घेऊन जाणार होते.

"मग घरी कधी येताय?" मी विचारलं.

"कशी येऊ?" अक्का म्हणाल्या. "बावीस वर्षांचं कापड पडलंय एथ."