बिसुनकाकांनी लावलेलं कुलूप

लंबासा या बेटावरच्या गावात, साखर कारखान्यात बिसुन दयाल अठ्ठावीस वर्षं भांडारात होते. कुठला बोल्ट कुठल्या खणात, कुठला पट्टा कधी बदलला, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आणि डोक्यावर भरवसा नको म्हणून रजिस्टरातही. कारखान्यात संगणक आला तेव्हा बाकीचे कारकून त्याच्यापासून चार हात लांबच राहिले. काकांनी मात्र राजधानीतून, सुवाहून एक जाडजूड पुस्तक मागवलं, शेजारी शब्दकोश ठेवला, आणि डेटाबेस म्हणजे काय ते स्वतःच्या स्वतः शिकून घेतलं. पुढे भांडाराचं काम दुसरीकडे गेलं आणि त्रेपन्नाव्या वर्षी काका घरी बसले.

घरी बसणं त्यांना मानवलं नाही. दिवसभर अंगणात कुंड्या इकडून तिकडे हलवत राहायचे. शेवटी पुतणीनंच मार्ग काढला. विद्यावती त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ ट्रॅक्टरखाली सापडून गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. काका-काकींना मूलबाळ नव्हतं. रामरतीकाकींनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, उसाची शेती असलेल्या घरात लग्न करून दिलं. आता ती नदीकाठच्या विसावा घरात समुपदेशक होती. नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बायका तिथे दोन-चार आठवडे राहायच्या, मग मकेरेता त्यांना बेटावर कुठेतरी सुखरूप ठिकाणी धाडायची. मकेरेता म्हणजे त्या घराची प्रमुख, उंचपुरी काईविती, म्हणजे बेटावरच्या मूळ लोकांतली बाई, हसली की खिडक्या वाजायच्या.

"काका, आमच्याकडे नुसता कागदांचा उकिरडा झालाय," विद्या एका रविवारी रोटी लाटता लाटता म्हणाली. "तुम्ही आलात तर बरं होईल."

काका दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

तीन महिन्यांत त्यांनी घराची नोंदवही संगणकावर आणली. तीन संगणक एका तारेनं जोडले, मूळ फाईल मकेरेताच्या यंत्रावर ठेवली. बाईचं नाव, गाव, मुलं, मुलांची शाळा, अंगावरच्या खुणा, आणि सर्वांत शेवटचं पान म्हणजे तिला कुठे पाठवलं. तिन्ही टेबलांवरून सगळं दिसायचं. पासवर्ड एकच, 'बुला', म्हणजे नमस्कार. रस्त्यावरचं कुणीही दिवसातून पन्नास वेळा म्हणतं तो शब्द.

"मॅडम, याला नीट कुलूप लावायला हवं," काका एकदा म्हणाले. "ज्याला जेवढं लागतं तेवढंच दिसावं. शेवटचं पान तर तुमच्याशिवाय कुणालाच नको."

मकेरेता हसली. "काका, इथे सगळ्या बहिणी आहेत. बहिणी-बहिणींत कुलपं लावायची म्हटली तर उद्या चहाच्या साखरेलाही लावाल!"

विद्याही हसली, दाराशी बसून येणाऱ्या बायकांची नावं लिहिणारी मुलगीही हसली. काका म्हणजे अठ्ठावीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. साहेब हसला की विषय संपला, एवढं त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर वर्षभरानं, उसाच्या तोडणीच्या दिवसांत, प्रेमलता आली. दोन मुली होत्या, एक नऊ वर्षांची, एक सहा. नवरा हरीश चंद तोडणीच्या टोळीचा सरदार. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा मागे ठेवायचा, हे त्याच्या मर्जीवर. प्रेमलता फारसं बोलत नसे. दुपारी काकांच्या टेबलाशी येऊन उभी राहायची आणि विचारायची, "मास्तरजी, यात माझंही नाव आहे?"

"आहे ना, बेटी."

"कुणी वाचत नाही ना?"

"कोण वाचणार?" काका म्हणायचे.

मकेरेतानं तिला डोंगरापलीकडे सावुसावूला एका विधवा शिक्षिकेच्या घरी पाठवलं. मुलींना तिथल्या शाळेत घातलं. अकराव्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी हरीश चंद फाटकाशी उभा होता. त्यानं आरडाओरडा केला नाही, कुणावर हात टाकला नाही. मुलींना आइस्क्रीम दिलं, गाडीत बसवलं आणि निघून गेला. प्रेमलता शिक्षिकेच्या घरी पाच मिनिटं उभी राहिली, मग पिशवीत कपडे कोंबून लंबासाच्या बसनं मुलींच्या मागोमाग गेली. मकेरेता पोलिसांकडे धावली. पोलीस म्हणाले, बाई आपल्या पायांनी घरी गेली आहे, आम्ही काय करणार?

ती शिक्षिका फोनवर रडत सांगत होती की हरीशला घराचा रंगसुद्धा माहीत होता. आधी घरावरून गाडी नेली, मगच शाळेकडे वळला. घराचा रंग त्या शेवटच्या पानावर लिहिलेला होता. काकांनीच तो रकाना ठेवला होता, नेणाऱ्या ड्रायव्हरला घर सापडावं म्हणून.

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. टिनातली मासळी आणि दालोचा उकडलेला कंद ताटात तसंच राहिलं. "बरं नाही का?" काकींनी विचारलं. काका म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं, रामरती. आणि कुंपण मीच घातलं होतं."

कुणी बघितलं, कुणी सांगितलं, हे कळायला मार्ग नव्हता. पासवर्ड एकच असल्यावर सगळेच एकाच नावानं आत जातात. यंत्राला माणूस माणूस वेगळा दिसत नाही. मकेरेता आता हसत नव्हती. दार लावून तिनं काकांना विचारलं, "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात ते कुलूप किती दिवसांत लागेल?"

पाच आठवडे लागले. काकांनी ते जुनं पुस्तक पुन्हा काढलं. वाटलं होतं त्यापेक्षा काम किचकट निघालं. नुसता पासवर्ड बदलून भागेना. डेटाबेसचा हा प्रोग्राम कुठल्याही घरी उघडला, तरी 'अ‍ॅडमिन' नावाचा एक मालक त्यात आधीपासून बसलेला असतो, आणि तो जगभर सगळीकडे एकच. त्याला हाकलल्याशिवाय बाकीची कुलपं म्हणजे भिंत नसलेल्या दाराला कडी. म्हणून काकांनी नवी फाईल केली, नवा मालक नेमला, जुनी सगळी पानं एक एक करून तिच्यात नेली. प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. दारातल्या मुलीला फक्त आलेल्या बाईचं नाव. समुपदेशकांना आपापल्या बायकांची हकिकत. शेवटचं पान एकट्या मकेरेताला. फाईल ज्या कप्प्यात होती त्यालाही कुलूप घातलं, नाहीतर कुणी अख्खी फाईलच उचलून नेली असती.

आणि आणखी एक गोष्ट केली. जिला परवानगी नाही तिनं शेवटचं पान उघडायला घेतलं, की दार बंदच राहायचं. पण कुणी, कधी, कुठल्या बाईसाठी दार ठोठावलं, ते एका वेगळ्या यादीत आपोआप लिहिलं जायचं.

"हे मुलींना सांगून टाकतो," काका म्हणाले.

"नको," मकेरेता म्हणाली. "कुलूप लावलंय एवढंच सांगा. यादीचं तुमच्या-माझ्यात राहू दे."

काकांना ते रुचलं नाही. पण साहेब नको म्हणाला की नको.

पहिले वीस दिवस यादी कोरी होती. काकांच्या मनावरचा दगड जरा हलला. वाटलं, कदाचित बातमी बाहेरूनच फुटली असेल. एकविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी यादी उघडली. चार ओळी होत्या. चारही आदल्या दुपारच्या, जेवणाच्या सुट्टीतल्या. ताबियाहून आलेल्या एका बाईचं नाव. आणि ठोठावणारीचं नाव विद्यावती.

ती बाई विद्याकडची नव्हतीच. म्हणजे चुकून उघडलं असं म्हणायलाही जागा नव्हती.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उठून विद्याच्या टेबलाशी गेले. ती फोनवर होती. तिचं होईपर्यंत उभे राहिले, आणि तिला मागच्या आंब्याखाली घेऊन गेले. कारखान्याच्या धुराड्यातली काजळी दोरीवरच्या कपड्यांवर पडत होती.

"काल दुपारी तू ताबियावाल्या बाईचं पान चारदा उघडायला गेलीस."

विद्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला कसं कळलं?"

"लिहिलं जातं."

"लिहिलं जातं? आणि हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?" ती क्षणभर भडकली. "म्हणजे सापळा लावलात, काका? माझ्यासाठी?"

"कुणासाठी लावला ते मला ठाऊक नव्हतं, बेटी." मग काकांनी विचारलं, "प्रेमलताचं पण तूच सांगितलंस?"

विद्या बोलायला लागली ती थांबेचना. सासरचा ऊस पेटला होता. जळलेला ऊस चार दिवसांत तोडला नाही तर रस आटतो, साऱ्या गावाला माहीत आहे. आणि टोळी हरीशची. तो घरी आला, सासऱ्यांसमोर ढसाढसा रडला. म्हणाला, मुलींचं तोंड तरी बघू दे, शाळेचे बूट घेऊन ठेवलेत. "मला खरंच वाटलं, काका. रडणारा पुरुष मी त्याआधी बघितलाच नव्हता. वाटलं, लांबून बघेल आणि परत येईल."

"आणि ताबियावाली?"

"तिचा नवरा हरीशच्याच टोळीत आहे. हरीश म्हणाला, एकीचं सांगितलंस, दुसरीचं का नाही? नाहीतर तुझ्या मकेरेताला सांगतो तू काय केलंस ते." विद्यानं त्यांचा हात घट्ट धरला. "आता तर दिसतच नाही ना? कुलूप लागलंय. मी काही सांगू शकतच नाही. मग कशाला कुणाला कळायला हवं? काका, माझी शपथ आहे तुम्हाला."

काका आंब्याच्या खोडाला हात टेकून उभे राहिले. शाळेच्या पहिल्या दिवशी याच पोरीच्या वेण्या त्यांनी घातल्या होत्या, काकी आजारी होत्या म्हणून. वाकड्या झाल्या होत्या. पण ताबियावाली बाईसुद्धा कुणाची तरी पोर होती. शेवटचं पान बंद होतं, तरी विद्या रोज त्याच घरात वावरणार होती. चहाच्या वेळी कानावर पडणारं कुठलं कुलूप अडवणार? आणि हरीश तिला सोडणार नव्हता.

"हात सोड, बेटी," ते म्हणाले, आणि सरळ मकेरेताच्या खोलीत गेले.

ताबियाच्या बाईला तासाभरात दुसरीकडे हलवलं. विद्याला त्याच दिवशी जायला सांगितलं. जाताना तिनं टेबलावरचा आपला कप तेवढा उचलला. मकेरेता काकांना म्हणाली, "तुम्ही केलंत ते सोपं नव्हतं." काकांनी मान हलवली. त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळी रामरतीकाकींनी एकच प्रश्न विचारला. "आधी माझ्याशी बोलावंसं नाही वाटलं?" त्यानंतर दोन वर्षं त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. मंगळवारची भजन मंडळी त्यांच्या अंगणात जमायची, ती दुसरीकडे जमू लागली. मंडळीत विद्याचे सासरे पेटी वाजवत, हे एक कारण. दुसरं कारण कुणी तोंडानं सांगितलं नाही. बाजारात लोक काकांशी हवापाण्याचं बोलत आणि पुढे सरकत. मागून कुणीतरी म्हणायचं, "घरच्या पोरीवर पहारा ठेवणारा माणूस."

प्रेमलता त्यांना एकदाच दिसली, बसस्टँडवर. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, धाकटी मुलगी पदराला धरून. काका दोन पावलं पुढे झाले. तिनं ओळखलं आणि तोंड फिरवलं. मकेरेतानं तिच्यासाठी नंतर दोनदा निरोप धाडला. ती आली नाही.

विद्या नवऱ्यासोबत ब्रिस्बेनला गेली. जाताना काकींना भेटायला आली, तेव्हा काका मागच्या अंगणात होते. ते पुढे आले नाहीत, तिनंही हाक मारली नाही.

नोंदवही पुढे नऊ वर्षं चालली. त्या नऊ वर्षांत तिथून पाठवलेल्या एकाही बाईच्या दारात तिचा नवरा नोंदवहीमुळे येऊन उभा राहिला नाही. मोजून बघितलं तर ही काही लहान गोष्ट नव्हे. पण न घडलेल्या गोष्टींचे आभार मानायला कोण येतं? काका रोज सकाळी यादी उघडायचे, कोरी असली की बंद करायचे.

मग त्यांना साखरेच्या आजारानं गाठलं. आधी नजर गेली, मग डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यातून घरी आल्यावर आठव्या दिवशी फोन वाजला. काकींनी उचलला, थोडं बोलल्या आणि काही न सांगता तो काकांच्या कानाला लावला.

"काका, दुखतं का फार?"

"नसलेला पाय दुखतो. बाकी बरं आहे." मग म्हणाले, "पोरं कशी आहेत?"

"मोठा कॉलेजात गेला."

तिकडे पाऊस असावा. पत्र्यावर वाजत होता. मग विद्या म्हणाली, "एक सांगू? मी चुकले हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तुम्ही एकच दिवस थांबला असतात ना काका, तर मी स्वतःच जाऊन सांगितलं असतं."

काकांनी फोन काकींच्या हातात दिला. फोन ठेवल्यावर ते उशीला टेकून छताकडे बघत राहिले. दिसत काहीच नव्हतं.

पुढचे चार महिने ते जगले, आणि त्या चार महिन्यांत अधूनमधून, जेवताना नाहीतर अंग पुसून घेताना, काकींना विचारायचे, "रामरती, तिनं खरंच सांगितलं असतं का गं?"

काकी म्हणायच्या, "मला काय ठाऊक?" आणि त्यांचं अंग पुसत राहायच्या.