बिबड्यांचा घाट आणि तीन फोन

कुणाच्या घरी बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, घाट शिजायला लागला, लसूण-मिरचीचा वास आला, की मला भडगावच्या गच्चीवरची ती सकाळ आठवते. टाळेबंदी लागण्याआधीच मी पाच घरच्या बायकांच्या भरवशावर पायलीभर ज्वारी भिजत घातली होती. बिबड्या घालायची वेळ आली तेव्हा कुणालाच घराबाहेर पडता येत नव्हतं. नवरा दीपनगरला वीज केंद्रात कामावर. सोबतच्याला ताप आला म्हणून त्यालाही वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, आणि तपासणीचा निकाल त्या दिवशी कळणार होता. घरात पाय ठरेना, म्हणून मी घाट शिजवला आणि ओल्या धोतरावर एकटीच थापायला बसले. तो गरम असतानाच थापावा लागतो. बोटं पोळत होती, ते बरंच होतं. तेवढ्यात फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. शेजारच्या गच्चीवरून अक्का ओरडल्या, "तुना नवराना फोन व्हई, उचल ना व माय!" मी म्हटलं, "एवढी ओळ होऊ द्या, अक्का." "ओळ पयली का नवरा?" त्यांनी टोमणा मारला. मी आणखी चार बिबड्या थापल्या. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हात न धुताच उचलला. "काही निघालं नाही," तो म्हणाला, "पण तू होतीस कुठे?" घाट गार झाला असता, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं, आजही पटतं. खरं तर फोन उचलेपर्यंत तरी तो ठणठणीत आहे, एवढंच मला तेव्हा धरून ठेवायचं होतं.