गप झालेली पिल्लं

टर्कीची पिल्लं आणून तिसरा दिवस होता. साठ पिल्लं, मुठीत मावतील एवढी. पाटोद्याजवळच्या आमच्या वस्तीवर असला पक्षी कुणी पाळला नव्हता. माझ्या हट्टापायी नवऱ्यानं पडवीत पत्र्याचं गोल रिंगण करून भुसा अंथरला, वर चार पिवळे बल्ब टांगले. पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर म्हणजे तेवढंच. कोंबडीची पिल्लं आपसूक दाणा टिपतात. ही मात्र दाण्यापुढं उपाशी बसायची. मी एकेकाची चोच पाण्यात, मग भरड्यात बुडवून शिकवत होते.

त्या दिवशी आभाळ आलेलं, पौषातला वारा अंगाला झोंबत होता. नवरा टेम्पो घेऊन कड्याच्या बाजाराला गेलेला, सासूबाई शेतात. दहाच्या सुमारास बल्ब गेले. वस्तीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळली होती. मी वायरमनला फोन केला.

"ताई, दुसरी डीपी येईस्तोवर सांज होईल. माझ्या हातात काय न्हाई."

अर्ध्या तासात पिल्लं ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढू लागली. त्यांचं ओरडणं ऐकवत नव्हतं. मी हातानं ढीग मोकळा करायची, वळेपर्यंत पुन्हा ढीग. तळातून एक काढलं, ते चपटं आणि गार. चारदोन ओच्यात घेतली, पण साठांना ओचा कुठून पुरणार? मग मला शेगडी सुचली.

लाकडी कोळसा फुलवून शेगडी मधोमध ठेवली, भोवती जाळी लावली. वारा लागू नये म्हणून वरून ताडपत्री ओढली आणि कडेनं विटा दाबल्या. हळूहळू ओरडणं कमी झालं, मग थांबलंच. मला केवढं हायसं वाटलं! भिंतीला टेकून मी चहा प्याले.

तेवढ्यात सासूबाई गवताचा भारा टाकून आल्या. मी त्यांना आत्या म्हणते.

"कावून गं एवढी गप हायत?"

"ऊब लागली, आत्या. झोपलीत."

त्यांनी विटा पायानं सारल्या आणि ताडपत्री ओढली. पिल्लं माना टाकून पडली होती.

"कोळसा कोंडलास? त्याचा गॅस चढला पिल्लांना! भायेर काढ, भायेर!"

टोपल्यात भरून मी ती अंगणात नेली. ज्या वाऱ्यापासून वाचवत होते, त्याच वाऱ्यात एकेक मांडत होते. चोच उघडून फुंकर घालत होते. काहींनी पाय झाडले. बाकीच्यांनी नाही. मला रडू आवरेना.

"रडणं मागून," आत्या चूल पेटवत म्हणाल्या. "बाटल्या आण."

गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आम्ही रिंगणात ठेवल्या. निवल्या की बदलत राहिलो. दिवेलागणीला लाईट आली तेव्हा वीस-बावीस पिल्लं उरली होती. बाकीची मी लिंबाखाली खड्डा करून पुरली.

नवरा आला, खड्ड्यापाशी थांबला. "काय झालं?"

"लाईट गेलती. थंडीनं मेली."

आत्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन वस्तीवर आला तसं नवऱ्यानं त्याची गचांडी धरली. "तुझ्यामुळं मेली बे माझी पिल्लं!"

"दादा, दिवसभर खांबावरच होतो हो," तो म्हणत राहिला. त्याच्या तळहातांना फोड आले होते. मी दारात उभी होते.

आठवड्यानं नवऱ्यानं त्याच्याविरुद्ध वीज कंपनीला द्यायचा अर्ज लिहून आणला. पिल्लं माझ्या नावानं घेतलेली, म्हणून सही माझी हवी होती. पेन हातात घेतला आणि खाली ठेवला.

"न्हाई करत. कोळसा मी कोंडला. माझ्या हातानं मेली ती."

त्यानं अर्ज उचलला. "आईला ठावं होतं?"

"हो."

त्यानं अर्ज चुलीत घातला आणि टेम्पो घेऊन निघून गेला. वायरमनच्या घरी गेलता, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. तिथं काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

वायरमन अजूनही येतो. "ताई, पक्षी कसे हायत?" विचारतो. मी "बरे हायत" म्हणते. तेवढंच म्हणते, आणि तो खांबाकडं वळला की आत जाते.